मार्को व्हॅन बास्टन : १९८६ च्या डिसेंबरनंतरची कारकीर्द

दक्षिण गॅलरी

डच आघाडीपटू मार्को व्हॅन बास्टनचे नाव निघाले की चर्चा दोन गोष्टींपाशी येऊन थांबते. एक म्हणजे १९८८ च्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यातला तो गोल, आणि दुसरी म्हणजे 'इटलीतल्या बचावपटूंनी लाथा मारून मारून त्याला संपवले' ही समजूत. गोलाबद्दल कुणाचे दुमत असण्याचे कारण नाही. समजुतीबद्दल मात्र तारखा समोर ठेवून बोलायला हवे असे मला फार दिवसांपासून वाटत होते, म्हणून हा धागा काढत आहे.

व्हॅन बास्टनचा जन्म ३१ ऑक्टोबर १९६४ रोजी उट्रेख्त शहरात झाला. ३ एप्रिल १९८२ रोजी नायमेखनच्या एनईसी संघाविरुद्ध तो ॲमस्टरडॅमच्या आयाक्स क्लबकडून प्रथम मैदानात उतरला तो बदली खेळाडू म्हणून, आणि ज्याच्या जागी उतरला तो खेळाडू होता डच फुटबॉलचा महानायक योहान क्रायफ. सतरा वर्षांच्या या मुलाने त्याच सामन्यात गोलही केला. पुढे डच लीगमध्ये १३३ सामन्यांत १२८ गोल, १९८४ ते १९८७ या चारही हंगामांत सर्वाधिक गोलांचा मान, आणि १९८५-८६ मध्ये ३७ गोल करून युरोपचा सुवर्णबूट, असा त्याचा आलेख चढत गेला.

डिसेंबर १९८६ मध्ये ग्रोनिंगनविरुद्धच्या सामन्यात त्याचा घोटा दुखावला, आणि ती दुखापत कुणी त्याला पाडल्यामुळे झालेली नव्हती. चेंडू हिसकावण्यासाठी त्याने स्वतःच प्रतिस्पर्ध्यावर घसरत टॅकल केला आणि त्यात त्याचा पाय गेला. त्यानंतर जे घडले ते मला त्या टॅकलपेक्षाही महत्त्वाचे वाटते. खेळत राहिल्याने घोटा आणखी बिघडणार नाही, असे मत त्याला वैद्यकीय सल्ल्यातून मिळाले. तेव्हा आयाक्सचा प्रशिक्षक असलेल्या क्रायफने त्याच्याशी एक तडजोड केली. सरावातून आणि लीगच्या काही सामन्यांतून सूट मिळेल, पण कप विनर्स कप या, देशोदेशीच्या कप विजेत्या क्लबांच्या युरोपीय स्पर्धेत मात्र खेळावे लागेल, अशी ती तडजोड होती. १३ मे १९८७ रोजी अथेन्समध्ये लोकोमोटिव्ह लाइपझिशविरुद्धच्या अंतिम सामन्यात कर्णधार व्हॅन बास्टनने हेडरने एकमेव गोल केला आणि करंडक उचलला. तो करंडक दुखऱ्या घोट्यावर मिळवलेला होता.

आता या तारखेनंतरची यादी पाहा. इटलीच्या मिलान क्लबकडून तीन लीग विजेतेपदे, दोन युरोपियन कप (म्हणजे पुढची चॅम्पियन्स लीग), १९८८ चा युरो करंडक, आणि १९८८, १९८९ व १९९२ असे तीन वेळा बॅलन डी ऑर, म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार. जग ज्या व्हॅन बास्टनला ओळखते तो जवळजवळ सगळा दुखापतीनंतरचा आहे. त्याचा शेवटचा अधिकृत सामना २६ मे १९९३ रोजी झाला, तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. हळहळ व्यक्त करताना आपण त्याची पुढची न खेळलेली वर्षे मोजतो. माझे म्हणणे असे आहे की जी साडेसहा वर्षे तो खेळला तीच नीट मोजायला हवीत, कारण त्यांतला एकही हंगाम त्याला धडधाकट पायाने मिळालेला नव्हता.

जाणकारांनी, विशेषतः वैद्यकीय क्षेत्रातल्या मंडळींनी, यावर अवश्य लिहावे.

सांधेदुरुस्ती

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. व्हॅन बास्टनला मी तपासलेले नाही, त्यामुळे जे जाहीरपणे लिहिले-बोलले गेले आहे त्याच्या आधारेच लिहितो.

घोट्याच्या सांध्यात नडगीचे हाड आणि त्याखालचे टाचेच्या वरचे हाड एकमेकांवर सरकतात. दोन्ही हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. या कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, म्हणून कातडी किंवा हाड जसे भरून येते तशी ती भरून येत नाही. तिच्यात मज्जातंतूही नसतात. त्यामुळे सुरुवातीची झीज होत असताना रुग्णाला तिचा नेमका पत्ता लागत नाही, आणि दुखायला लागते तेव्हा खालच्या हाडापर्यंत प्रकरण गेलेले असते. घोट्याचे अस्थिबंध सैल झाले असतील तर प्रत्येक वळणाला हाड किंचित सरकते आणि अस्तर आणखी घासले जाते. आघाडीपटूचा खेळ तर वळण्याचा, उडी मारण्याचा आणि एका पायावर तोल सांभाळून दुसऱ्याने फटका मारण्याचा असतो.

मिलानमध्ये गेल्यानंतर १९८७ च्या अखेरीस त्याच्या घोट्यावर शस्त्रक्रिया झाली आणि त्या हंगामात तो लीगचे अवघे ११ सामने खेळू शकला. डिसेंबर १९९२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये पुन्हा शस्त्रक्रिया झाली, मे १९९३ मधल्या त्या शेवटच्या सामन्यानंतर आणखी एक झाली. पुढे तर घोट्याच्या वर आणि खाली हाडांतून तारा घालून, बाहेर बसवलेल्या धातूच्या चौकटीने सांधा ताणून धरण्याचा उपायही करण्यात आला. सांध्यातली फट वाढवून अस्तराला सावरण्याची संधी द्यावी, असा त्यामागचा विचार असतो. तरुण रुग्णांत याचा काही वेळा उपयोग होतो, पण त्यातून व्यावसायिक फुटबॉलसाठी लागणारा घोटा परत मिळेल अशी अपेक्षा धरणे कठीण असते.

'खेळल्याने आणखी बिघडणार नाही' या सल्ल्याबद्दल एवढेच सांगतो की १९८६ साली आजच्यासारखी एमआरआयची चित्रे सहज उपलब्ध नव्हती. साध्या क्ष-किरण चित्रात हाड दिसते, कूर्चा दिसत नाही. त्या काळी असे मत कसे दिले गेले असेल हे मी समजू शकतो, परंतु खेळाडूने त्याची किंमत चुकवली हेही तितकेच खरे आहे.

पेठेतला बॅक

दोन्ही प्रतिसाद मन लावून वाचले, पण दक्षिण गॅलरी यांच्या मांडणीतला एक भाग मला पटत नाही. पहिली दुखापत त्याच्या स्वतःच्या टॅकलमधून झाली हे मान्य केले, तरी त्यामुळे पुढच्या सहा वर्षांत त्याला मागून बसलेल्या लाथा माफ होत नाहीत. मी कोल्हापुरात पेठेच्या संघातून उजवा बॅक म्हणून बरीच वर्षे खेळलो, त्यामुळे बचावपटूच्या डोक्यात काय चालते ते मला ठाऊक आहे. समोरचा आघाडीपटू पाठ करून चेंडू घेतो तेव्हा त्याला वळू द्यायचे नाही हा पहिला धडा असतो, आणि नव्वदच्या दशकापर्यंत त्यासाठी त्याच्या पोटऱ्यांवर आणि घोट्यांवर मागून जाणे हा खेळाचाच भाग समजला जात असे. पहिल्या टॅकलला पंच ताकीद देऊन सोडतात हे प्रत्येक बॅकला माहीत होते. इटलीत तर तेव्हा एकेका आघाडीपटूला सामनाभर चिकटून राहणारे पट्टीचे बचावपटू होते.

१९९८ च्या विश्वचषकापासून प्रतिस्पर्ध्याला धोका पोहोचवणाऱ्या मागून केलेल्या टॅकलला थेट लाल कार्ड दाखवण्याची सक्ती झाली, तेव्हा व्हॅन बास्टनला निवृत्ती जाहीर करून तीन वर्षे होत आली होती. दुखऱ्या सांध्यावर असा एकेक आघात म्हणजे काय, हे सांधेदुरुस्ती अधिक अधिकाराने सांगतील.

दुसरे असे की दुखणाऱ्या पायाने खेळण्याची भीड मोठ्या क्लबांपुरती नसते. आमच्या संघातल्या एका चांगल्या फॉरवर्डला गुडघा सुजलेला असताना सुई टोचून शाहू स्टेडियमवर उतरवले होते. त्याला कुणी जबरदस्ती केली नाही. 'तू नसशील तर कसे होणार' एवढेच सगळे म्हणत राहिलो, आणि म्हणणाऱ्यांत मीही होतो. त्या पोराने नंतर फुटबॉल सोडला. क्रायफची तडजोड वाचताना मला तो आठवला. ज्याला खेळायचेच आहे त्याच्या हातात 'खेळलास तरी चालेल' असा निर्णय देणे, ही त्याच्यावरची जबाबदारी वाढवण्याचीच गोष्ट आहे.

दक्षिण गॅलरी

पेठेतला बॅक, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि तो माझ्या मांडणीच्या विरोधात जात नाही. बचावपटूंना निर्दोष ठरवण्याचा माझा हेतू नाही. आधीच कमकुवत झालेला घोटा घेऊन तो त्यांच्यासमोर उभा होता, एवढे आपण विसरतो, इतकेच मला सांगायचे आहे. सगळा दोष त्यांच्यावर टाकला की १९८७ मधला तो निर्णय नजरेआड होतो, आणि खेळाडूच्या शरीराबद्दलचे निर्णय कोण आणि कशासाठी घेतो हा प्रश्नच कुणी विचारत नाही.

मडगावकर

मिलानच्या वर्षांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण घोट्याच्या चर्चेत खेळ बाजूला पडू नये असे मला मनापासून वाटते.

पहिल्या हंगामात तो बहुतेक काळ बाहेरच होता हे वर आलेच आहे. त्या हंगामाचा निकाल ज्या सामन्याने फिरवला तो १ मे १९८८ रोजी नेपल्समध्ये झाला. मॅराडोनाचा नापोली संघ गुणतक्त्यात पुढे होता, आणि मिलानने तो सामना ३-२ असा जिंकला. तिसरा गोल बदली म्हणून आलेल्या व्हॅन बास्टनचा होता. त्या वर्षी लीगमध्ये त्याचे एकूण गोल फक्त तीन, पण त्यांतला एक असा मोक्याच्या जागी पडला.

पुढच्या वर्षी रायकार्ड आला आणि गुलिट, व्हॅन बास्टन, रायकार्ड ही डच त्रयी पूर्ण झाली. १९८८-८९ च्या युरोपियन कपमध्ये व्हॅन बास्टनने १० गोल केले. उपांत्य फेरीत माद्रिदमध्ये त्याने झेपावत मारलेला हेडर मला त्याच्या सगळ्या गोलांत विशेष आवडतो. चेंडू त्याच्या जरासा मागे आणि खाली येत होता, सर्वसाधारण खेळाडूने पाय लावण्याचा प्रयत्न केला असता. त्याने अंग खाली झोकून डोक्याने असा मारला की चेंडू उसळून वरच्या दांड्याखालून आत गेला. तो सामना १-१ सुटला, आणि परतीच्या लढतीत सान सिरो या आपल्या मैदानावर मिलानने रिआल माद्रिदला ५-० असे हरवले. बार्सिलोनातल्या अंतिम सामन्यात स्टेआवा बुखारेस्टविरुद्ध ४-० असा विजय मिळाला, त्यात गुलिटचे दोन आणि व्हॅन बास्टनचे दोन गोल होते. गुलिटही तेव्हा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून नुकताच उठला होता. त्या संघाच्या वैभवामागे शरीराची केवढी झीज होती हे यावरूनही दिसते.

मिलानचे तेव्हाचे प्रशिक्षक आरिगो साक्की आणि व्हॅन बास्टन यांचे फारसे जमले नाही हे सर्वश्रुत आहे. साक्कींची पद्धत शिस्तीची आणि कठोर सरावाची. संपूर्ण संघाने एका लयीत पुढे सरकून चेंडूधारकावर दबाव आणायचा, आणि त्यात आघाडीपटूलाही सूट नाही. सांधेदुरुस्तींचे स्पष्टीकरण वाचल्यावर त्या मतभेदाकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो आहे. ज्याचा घोटा रोज दुखतो त्याला अशा सरावाचा प्रत्येक तास किती जड जात असेल?

१९९१ मध्ये त्यांच्या जागी फाबिओ कापेल्लो आले. त्यांच्या पहिल्याच हंगामात मिलानने लीग एकही सामना न हरता जिंकली आणि २५ गोलांसह व्हॅन बास्टन पुन्हा सर्वाधिक गोल करणारा ठरला. १९९२-९३ ची सुरुवात तर डोळे दिपवणारी होती. नोव्हेंबर १९९२ मध्ये त्याने नेपल्समध्ये नापोलीविरुद्ध चार गोल केले, आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेला चॅम्पियन्स लीगमध्ये गोटेबोर्गविरुद्ध पुन्हा चार. त्यांतला एक गोल अधांतरी उलटे होऊन मारलेल्या किकवर होता. त्यानंतर महिना उलटण्याच्या आतच तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर होता. खेळ पूर्ण बहरात आणि सांधा शेवटच्या टोकाला, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत होत्या. दक्षिण गॅलरी यांच्या म्हणण्याला याहून बळकट पुरावा मला दिसत नाही.

कालव्याकाठची

मी गेली अनेक वर्षे नेदरलँड्समध्ये राहते आणि फुटबॉल मी इथेच शिकले, म्हणून १९८८ बद्दल इथल्या बाजूने लिहिते. बाहेरच्यांना तो एका सुंदर गोलाचा उत्सव वाटतो. इथल्या वडीलधाऱ्यांशी बोलताना मात्र त्या स्पर्धेतला उपांत्य सामना आधी निघतो आणि अंतिम सामना नंतर.

त्याचे कारण १९७४ मध्ये आहे. त्या वर्षी म्युनिकच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात क्रायफच्या संघाने पश्चिम जर्मनीविरुद्ध आघाडी घेऊनही २-१ अशी हार पत्करली. ती जखम इथे अनेक वर्षे भरली नव्हती. १९८८ ची युरो स्पर्धा पश्चिम जर्मनीतच होती आणि प्रशिक्षकही १९७४ चेच, म्हणजे रायनस मिशेल्स होते. व्हॅन बास्टन पहिल्या सामन्यात अकरा जणांत नव्हता. जवळजवळ पूर्ण हंगाम बाहेर बसलेल्या खेळाडूबद्दल मिशेल्सना खात्री नव्हती, आणि त्याच्या पाठीवरचा १२ हा क्रमांकही राखीव खेळाडूचाच होता. सोव्हिएत संघाकडून तो सामना १-० ने गमावल्यावर त्याला संघात घेतले गेले. १५ जूनला डुसेलडॉर्फमध्ये इंग्लंडविरुद्ध त्याने तीन गोल केले.

२१ जूनला हॅम्बुर्गमध्ये पश्चिम जर्मनीशी गाठ पडली. दोन्ही बाजूंचा एकेक गोल पेनल्टीवर झाला होता आणि सामना जादा वेळेकडे चालला होता. ८८ व्या मिनिटाला यान वाउटर्सने पुढे सरकवलेल्या चेंडूकडे व्हॅन बास्टन आणि त्याच्यावर नेमलेला युर्गन कोहलर दोघेही धावले. कोहलर घसरत आला, पण व्हॅन बास्टनचा पाय निमिषभर आधी पोहोचला आणि घसरता घसरता त्याने चेंडू गोलच्या लांबच्या कोपऱ्यात ढकलला. फटक्यात जोर नव्हता, नेम होता. त्या रात्री या देशातले रस्ते माणसांनी ओसंडून वाहिले.

अंतिम सामना २५ जूनला पुन्हा म्युनिकच्या त्याच मैदानावर, पुन्हा सोव्हिएत संघाशी होता. गुलिटच्या हेडरने आघाडी मिळालेली होती. ५४ व्या मिनिटाला व्हॅन टिखेलेनने मधल्या फळीत चेंडू अडवून पुढे नेला आणि डावीकडे आर्नोल्ड म्यूरनला दिला. सदतीस वर्षांच्या म्यूरनने तो थेट, खूप उंच आणि खूप लांब टाकला. तो क्रॉस फारसा चांगला नव्हता हे स्पष्टच सांगायला हवे. चेंडू गोलपासून दूर, उजव्या बाजूच्या अगदी तिरक्या कोनात उतरत होता. व्हॅन बास्टनने नंतर सांगितले आहे की तो थकला होता, चेंडू थांबवून बचावपटूंना चकवत बसण्यापेक्षा मारून टाकणे सोपे वाटले. त्याने चेंडू जमिनीला लागण्याआधीच उजव्या पायाने मारला आणि तो रिनात दासायेव्हसारख्या गोलरक्षकाच्या डोक्यावरून पलीकडच्या बाजूला आत उतरला. बाकावरच्या मिशेल्सनी चेहऱ्यावर हात घेतला, ते चित्र तुम्ही सर्वांनी पाहिले असेल.

आणखी एक गोष्ट. २६ मे १९९३ ला मार्सेईविरुद्ध चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना मिलान १-० ने हरले, आणि व्हॅन बास्टन शेवटच्या मिनिटांत बदली होऊन बाहेर आला. तेही मैदान म्युनिकचे तेच ऑलिम्पिक स्टेडियम होते.

रविवारचा सामना

मी त्याला प्रथम पाहिले ते १९९० च्या विश्वचषकात, दूरदर्शनवर, आणि त्यात त्याने एकही गोल केला नाही. एवढ्या मोठ्या आघाडीपटूच्या नावावर विश्वचषकात एकही गोल नसावा, याचा विचार या चर्चेत व्हायला नको का? १९९२ च्या युरोतही डेन्मार्कविरुद्ध पेनल्टी शूटआऊटमध्ये त्याचीच किक गोलरक्षक श्मायकेलने अडवली होती.

मडगावकर

रविवारचा सामना, विचार जरूर व्हावा. १९९० मध्ये डच संघाने गटातले तिन्ही सामने बरोबरीत सोडवले आणि दुसऱ्या फेरीत पश्चिम जर्मनीकडून २-१ ने हरून तो बाहेर पडला. खेळाडूंना प्रशिक्षक म्हणून क्रायफ हवे होते, नेमणूक लिओ बेनहाकर यांची झाली, आणि तो संघ एकदिलाने कधी खेळलाच नाही. त्या अपयशाचे कारण मी घोट्यात शोधणार नाही, कारण त्याच हंगामात इटालियन लीगमध्ये तो १९ गोलांसह अव्वल होता. विश्वचषकातली पाटी कोरी राहिली ही त्याच्या कारकिर्दीतली खरी उणीव आहे, आणि राष्ट्रीय संघाकडून ५८ सामन्यांत २४ गोल ही संख्याही क्लबच्या तुलनेत कमीच आहे. त्याचा खेळ आवडतो म्हणून हे झाकण्याची गरज नाही. मात्र १९९४ चा विश्वचषक, जो त्याच्या ऐन तिशीच्या उंबरठ्यावर आला असता, तो त्याला खेळायलाच मिळाला नाही, हे त्या उणिवेशेजारी लिहून ठेवावे लागेल.

सांधेदुरुस्ती

१९९३ नंतरच्या दोन वर्षांबद्दल कुणी लिहिलेले दिसले नाही, म्हणून पुन्हा लिहितो. मिलानने त्याची वाट पाहिली आणि तो उपचार घेत राहिला. त्याने स्वतः आत्मचरित्रात लिहिले आहे की रात्री स्वच्छतागृहापर्यंत त्याला रांगत जावे लागे. तीन वेळा युरोपचा सर्वोत्तम ठरलेला, तिशीही न गाठलेला माणूस घरातल्या घरात रांगत होता, हे वाचून मी पुस्तक काही वेळ बाजूला ठेवले. १७ ऑगस्ट १९९५ रोजी त्याने निवृत्ती जाहीर केली. दुसऱ्या दिवशी सान सिरोवर युव्हेंटसविरुद्धच्या सामन्यापूर्वी त्याने जीन्स आणि जाकिटात प्रेक्षकांना अभिवादन करत मैदानाला फेरी मारली, तेव्हा कापेल्लो बाकावर रडत होते.

पुढच्या वर्षी त्याचा घोटा शस्त्रक्रियेने कायमचा जोडून टाकण्यात आला. सांध्याची हालचाल थांबवली की घासणे थांबते आणि बहुतेक वेळा वेदनाही जाते. माझ्या रुग्णांना हा पर्याय सुचवला की ते आधी घाबरतात, कारण सांधा गमावणे त्यांना हार वाटते. पण ज्याला वेदनेशिवाय चार पावले टाकता येत नाहीत त्याच्यासाठी हा उपाय खरोखर सुटका असतो. व्हॅन बास्टनलाही वेदनेपासून सुटका मिळाली ती सांधा जोडल्यावरच, तो वाचवण्याच्या प्रयत्नांतून नव्हे.

पेठेतला बॅक

प्रशिक्षक म्हणून त्याने काय केले हेही नोंदवावे, कारण कारकिर्दीचा तोही भाग आहे. २००४ ते २००८ तो डच राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक होता. २००८ च्या युरोत त्याच्या संघाने गटात इटलीला ३-० आणि फ्रान्सला ४-१ असे हरवले. ते दोन सामने मी पाहिले आहेत आणि इतका वेगवान प्रतिहल्ला त्या काळी क्वचितच दिसे. उपांत्यपूर्व फेरीत मात्र गुस हिडिंक यांच्या रशियाने त्यांना जादा वेळेत ३-१ असे नमवले. त्यानंतर आयाक्स आणि हेरेनवेन हे क्लब झाले, आणि २०१४ मध्ये एझेड संघात मुख्य प्रशिक्षकपदाचा ताण प्रकृतीला झेपत नाही हे उघडपणे सांगून त्याने साहाय्यकाची जागा स्वीकारली.

दक्षिण गॅलरी, हा शेवटचा निर्णय मला तुमच्या १९८७ च्या प्रश्नाशी जोडावासा वाटतो. तेव्हा बावीस वर्षांच्या मुलाच्या पायाबद्दल डॉक्टर, प्रशिक्षक आणि स्पर्धेचे वेळापत्रक यांनी मिळून ठरवले. २०१४ मध्ये पन्नाशीला टेकलेल्या माणसाने स्वतःच्या शरीराचे ऐकून स्वतः ठरवले, आणि तेही सगळ्यांसमोर.

दक्षिण गॅलरी

हा दुवा माझ्या लक्षात आला नव्हता, मनापासून आभार. सांधेदुरुस्ती, एक विचारायचे आहे. आजच्या काळात अशाच दुखापतीचा बावीस वर्षांचा खेळाडू तुमच्याकडे आला, त्याचा अंतिम सामना पाच महिन्यांवर असला आणि क्लबचा माणूस सोबत बसलेला असला, तर आपण काय सांगाल?

सांधेदुरुस्ती

पहिल्यांदा क्लबच्या माणसाला बाहेर बसायला सांगेन. मग एमआरआय करून अस्तराची अवस्था खेळाडूला पडद्यावर दाखवेन, अस्थिबंध सैल असतील तर ते दुरुस्त करण्याचा सल्ला देईन, आणि त्या हंगामात खेळू नये असे लेखी देईन. तरीही तो खेळायला गेला तर त्याला अडवण्याचा अधिकार मला नाही. परंतु खेळून काही बिघडणार नाही, असे मी त्याला सांगणार नाही.